पायाचे फोड आणि कसाऱ्यापासून ठाण्यापर्यंतची वाट

६ मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा निघाला. वनहक्काच्या जमिनी, कर्जमाफी अशा मागण्या घेऊन हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, कसारा घाट उतरले आणि शहापूर, भिवंडीमार्गे ठाण्यात आले. तिथून पुढे मुंबई. एकूण अंतर सुमारे १८० किलोमीटर. मागण्यांचा तपशील शहरातल्या अनेकांच्या स्मरणातून गेला असेल. छायाचित्रांतले तळवे मात्र राहिले. सोललेल्या टाचा, फुगून फुटलेले फोड, कुणाच्या पायात तुटक्या चपला, कुणाच्या त्याही नाहीत.

इथे एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. डोंगरकपारींत जन्मभर चाललेल्या माणसांच्या पायांना फोड आलेच कसे?

फोड केवळ वरवर घासल्याने येतो, हा समज अर्धाच खरा आहे. पाऊल पडते तेव्हा आतले हाड पुढे सरकते. त्वचेचा बाहेरचा थर मात्र चपलेला किंवा जमिनीला चिकटून मागे राहतो. मधले थर ताणले जातात. हा ताण हजारो वेळा पडला की ते आतल्या आत फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. जिथे कातडी पातळ असते तिथे नुसते खरचटते; फोड येतो तो तळवा, टाच, तळहात अशा जाड कातडीवर. कोरडी त्वचा त्यातल्या त्यात निसटते. घामाने ओलसर झालेली सर्वांत जास्त चिकटते.

पाऊल दोन फुटांचे धरले, तर दिवसाला तीस किलोमीटर म्हणजे जवळपास पन्नास हजार पावले. शेताच्या बांधावर, दगडधोंड्यांत पाऊल दर वेळी निराळे पडते आणि भार वाटला जातो. सपाट डांबरी महामार्गावर तो दिवसभर त्याच जागी पडतो. त्यात मार्चचे तापलेले डांबर आणि झिजलेल्या चपला. पायांना चालण्याची सवय होती. या रस्त्याची, या वेगाची, सलग सहा दिवसांची नव्हती.

या प्रदेशात पायी येणे-जाणे मात्र फार जुने. कल्याण बंदर सातवाहन काळात भरभराटीला आले आणि तिथला माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढू लागला. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, त्यात यज्ञांचे आणि दानांचे तपशील आहेत. ओझी वाहणाऱ्यांच्या पायांविषयी अर्थातच काही नाही. ते ज्ञान भाषेत आणि घरगुती रीतीत उरले. मराठीत नवी वहाण ‘चावते’, आणि म्हणून कोरी कोल्हापुरी पायात घालण्याआधी तिला तेल पाजतात. चामडे मऊ पडते, कडांची धार जाते. उपाय घर्षणावरच आहे.

साधा फोड जीवही घेऊ शकतो, याचे उदाहरण थेट व्हाइट हाउसमधले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा १९२४ च्या जूनअखेरीस मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि ७ जुलैला तो मुलगा गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती.

फोडांचा पद्धतशीर अभ्यास पुढे झाला तो मुख्यतः सैनिकांच्या पायांसाठी. त्याचा लाभ खेळाडूंनाही मिळाला, विशेषतः स्केटिंग करणाऱ्यांना. एका रांगेत चाके असलेल्या स्केटचे पेटंट पॅरिसमध्ये पेतिब्लेद यांनी १८१९ मध्येच घेतले होते. तो प्रकार जगभर लोकप्रिय झाला १९८० नंतर. ठाणे-डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारात मुले आज जे इनलाइन स्केट घालतात, त्यांचा बूट कडक असतो आणि पाय त्यात बाजूला ढकलत राहतो. म्हणून फोड घोट्याच्या हाडावर, टाचेवर आणि पावलाच्या आतल्या कडेला येतात. उपाय वहाणेला तेल पाजण्याच्याच जातीचे आहेत. बूट नेमक्या मापाचा हवा, सैल नको. टाच मागे टेकवून नाड्या घट्ट बांधाव्यात. सुती मोजा घाम धरून ठेवतो, त्याऐवजी पातळ कृत्रिम धाग्याचा आतला मोजा आणि त्यावर दुसरा घालावा, म्हणजे घर्षण दोन मोज्यांमध्ये होते. नेहमी दुखणाऱ्या जागी आधीच कागदी चिकटपट्टी लावावी. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिने फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. नव्या बुटात पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. आणि जागा गरम लागू लागली की थांबावे.

हा शेवटचा उपाय सर्वांत खात्रीचा, आणि मोर्चेकऱ्यांनी नेमका तोच सोडला. ११ मार्चला ते सायनजवळच्या सोमय्या मैदानात पोचले. रात्रभर विसावा घेऊन सकाळी पुढे निघता आले असते. पण दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. रस्ते अडले तर मुले परीक्षेला पोचणार नाहीत, म्हणून त्यांनी त्याच पायांनी रातोरात आझाद मैदान गाठले. सकाळी मुंबईकर पाणी, खाणे आणि चपला घेऊन आले. संध्याकाळपर्यंत सरकारचे लेखी आश्वासन हाती पडले आणि त्या रात्री अनेक जण विशेष रेल्वेगाड्यांनी ठाणे, कल्याण, कसारा अशा त्याच वाटेने परतले.