दोन खांचांमधला आवाज

वाद्य घडविणाऱ्या कारागिराच्या मनांत एक आवाज असतो, आणि तें वाद्य हातीं घेणाऱ्या वादकाला पुष्कळदां दुसराच आवाज हवा असतो. सतारीची जवारी काढून घेतांना वादक कारागिरापाशीं बसून राहतो आणि आपल्या कानाला पटेपर्यंत त्याला घोडी घासावयास लावतो, हें आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. विजेच्या गिटारच्या बाबतींत हाच झगडा घोडीवर न होतां, वाद्याच्या पोटांत दडलेल्या विद्युत्-जोडणींत झाला. त्या जोडणींत वादकांनीं कोणते फेरफार केले, आणि कारखानदारांनीं ते पुढें कसे पदरांत घेतले, एवढाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम तत्त्व पाहूं. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें गुंडाळलें आणि त्याच्याजवळ पोलादी तार कंप पावूं लागली, कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेलें हें तत्त्व. चुंबक, वेटोळें आणि गॅल्व्हानोमीटर घेऊन मीं तें किती वर्गांपुढें मांडलें असेल याची गणती नाहीं. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बीचम यांनीं अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साह्यानें १९३१ सालीं याच तत्त्वावर गिटार तयार केली आणि १९३२ मध्यें ती बाजारांत आली. ही मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवाईयन गिटार. तिच्या जातीचे सूर जुन्या हिंदी चित्रगीतांमुळें आपल्या घराघरांत ओळखीचे आहेत. चुंबक-वेटोळ्याच्या या जोडीला पिकअप म्हणतात. मराठींत त्याला सोयीचा शब्द रूढ झालेला नाहीं, तेव्हां आपणही पिकअपच म्हणूं. बीचम यांच्या गिटारला पिकअप एकच होता; त्यामुळें निवडीचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न निर्माण झाला तो एकाहून अधिक पिकअप बसूं लागले तेव्हां. घोडीजवळ तारेचा झोका आखूड असतो आणि तेथें उच्च उपस्वरांचा वांटा अधिक. म्हणून तेथला पिकअप धारदार बोलतो. दांडीकडे सरकावें तसा मूळ स्वर भरदार होत जातो. परंतु दोन जागांचे पिकअप एकत्र जोडले म्हणजे या दोहोंच्या मधला आवाज मिळतो, असें मात्र नव्हे. कांहीं उपस्वर एकमेकांना बळ देतात, कांहीं एकमेकांना मारतात, आणि त्यांतून तिसराच गुण प्रकट होतो. पुढील साऱ्या इतिहासाचें बीज येथें आहे.

कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाच्या गृहस्थांनीं १९३८ सालीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान घातलें. हे पुढें जगांतील अग्रगण्य गिटार-निर्माते झाले. पण त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. त्यांच्या टेलिकास्टर गिटारला दोन पिकअप आणि तीन खांचांचा स्विच होता. १९५२ पासून या तीन खांचांपैकीं एकीवर घोडीचा पिकअप, दुसरीवर दांडीचा, आणि तिसरीवर पुन्हां दांडीचाच, मात्र कंडेन्सरमधून गाळून अगदीं बसका केलेला, अशी योजना होती. दोन्ही पिकअप एकत्र ऐकावयाची सोय कोठेंच नव्हती! तो बसका आवाज मंद्र सुरांच्या साथीसाठीं. पण त्या कामाची स्वतंत्र बास गिटार फेंडर यांनींच १९५१ सालीं विक्रीस काढली होती. तरीही ती खांच १९६७ पर्यंत तशीच राहिली. तोंवर ज्यांना दोन्ही पिकअप एकत्र हवे होते, त्यांनीं मागील पिढीच्या रेडिओवाल्यासारखी डाग देण्याची कांडी हातीं घेतली आणि स्विचवरील तारांच्या जागा स्वतःच बदलल्या.

याहून मनोरंजक कथा स्ट्रॅटोकास्टरची आहे. १९५४ सालीं आलेल्या या गिटारला तीन पिकअप, आणि स्विच पुन्हां तीन खांचांचाच. एका वेळीं एकच पिकअप बोलावा, हा निर्मात्याचा हेतु. परंतु स्विचची दांडी एका खांचेंतून दुसरींत जातांना क्षणभर दोन्ही संपर्कांना टेकते. त्या क्षणीं जो आवाज निघे, तो वादकांच्या कानांत भरला. किंचित् अनुनासिक, पोकळ, तरी काचेसारखा स्वच्छ. इंग्रजी वादक त्याला बदकाच्या आवाजाची उपमा देतात, ती मला फारशी आदरयुक्त वाटत नाहीं. मग वादक ती दांडी दोन खांचांच्या मध्यें तोलून धरूं लागले. जरा धक्का लागला कीं ती घसरे आणि ऐन गाण्यांत आवाज बदले. १९७० नंतरच्या दशकांत सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनीं पांच खांचांचा स्विच विकावयास आरंभ केला, आणि १९७७ सालीं कारखान्यानें तो स्वतःच बसवूं लागण्याचें मान्य केलें. तेवीस वर्षें लागलीं! मधल्या काळांत, १९६५ सालीं, फेंडर यांनीं आपला कारखाना १ कोटी ३० लाख डॉलर्सना विकला होता. घेणारी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टीम ही संस्था मूळची आपल्याच, म्हणजे नभोवाणीच्या, व्यवसायांतील. पुढें १९७८ सालीं डायर स्ट्रेट्स मंडळीचें ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ हें गाणें निघालें आणि मार्क नॉफ्लर यांच्या बोटांतून हा मधला आवाज घरोघरीं पोंचला.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. या मधल्या खांचेंतील दोन पिकअप परस्परांच्या उलट जोडलेले असतात, असें वादक सर्रास म्हणतात. तें खरें नाहीं. ते एकाच दिशेनें आणि समांतर जोडलेले असतात. जागांच्या फरकामुळें कांहीं उपस्वर गळतात, इतकेंच.

खऱ्या अर्थानें उलट जोडलेल्या पिकअपचें उदाहरण पीटर ग्रीन या इंग्रज वादकाच्या गिटारमध्यें सांपडतें. परंतु तिच्यांतील पिकअप निराळ्या जातीचे होते, म्हणून त्यांची ओळख आधीं करून घेऊं. एकाच वेटोळ्याच्या पिकअपला एक खोड आहे; आसपासच्या विजेच्या तारांची गुणगुण तो तत्परतेनें टिपतो. गिब्सन कारखान्यांतील सेथ लव्हर यांनीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं, त्यांची गुंडाळण आणि चुंबकाचे ध्रुव परस्परविरुद्ध केले, आणि दोन्ही एकसर जोडलीं. त्यामुळें तारेचा आवाज दुप्पट होतो आणि बाहेरची गुणगुण आपापसांत मिटते. १९५५ सालीं त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला आणि १९५९ सालीं तें मिळालें. आवाज भारदस्त झाला, पण वरच्या पट्टींतील लकाकी थोडी हरपली. मग त्या पिकअपमधील एकच वेटोळें चालू ठेवण्याची युक्ति वादकांनीं काढली. जुन्या पिकअपमध्यें दोन वेटोळ्यांचा सांधा आंत गाडलेला असे. तो उकलून, त्याला नवी तार झाळून ती स्विचपर्यंत आणावी लागे. लकाकी परत येई, आणि तिच्यामागोमाग गुणगुणही.

ग्रीन यांची १९५९ ची लेस पॉल गिटार अशाच दोन पिकअपची होती, आणि तिच्यांतील दांडीकडच्या पिकअपचें चुंबक उलटें बसलेलें होतें. एकेक पिकअप वाजविला तर कांहीं जाणवत नसे. दोन्ही एकत्र झाले कीं ते एकमेकांतून वजा होत. दोहोंना समान असलेले खालचे सूर नाहींसे होऊन एक विरळ, कण्हल्यासारखा स्वर उरे. एका पिकअपची आवाजाची घुंडी थोडी उतरविली कीं वजाबाकी अपुरी राही आणि सुरांत पुन्हां अंग भरे. दुरुस्तीच्या दुकानांत ज्याला दोष म्हणून सरळ केलें असतें, तोच ग्रीन यांच्या वादनाची खूण होऊन बसला. १९६७ सालीं त्यांनीं फ्लीटवुड मॅक ही मंडळी स्थापन केली, तेव्हां हीच गिटार त्यांच्या हातीं होती.

जें ग्रीन यांच्या गिटारींत उलट्या चुंबकामुळें होत होतें, तें ब्रायन मे या मुलानें हिशेबानें घडवून आणलें. लंडनजवळ राहणाऱ्या सोळा वर्षांच्या या मुलाला गिटार विकत घेणें परवडेना. वडील हॅरोल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधील जाणते अभियंता. बापलेकांनीं ऑगस्ट १९६३ मध्यें घरींच काम सुरूं केलें. दोन वर्षें तें चाललें. दांडीसाठीं जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड, कमानी जुन्या मोटारसायकलच्या झडपांच्या, आणि पट्टीवरील ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांच्या बटणांचे! परंतु खरी हुशारी जोडणींत होती. तिन्ही पिकअप एकसर जोडलेले, आणि प्रत्येकाला दोन स्विच: एक चालू-बंद करण्याचा, दुसरा दिशा उलटविण्याचा.

माझ्यासारख्या मास्तराला येथें हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. प्रत्येक पिकअपच्या अवस्था तीन: बंद, सुलट, उलट. तिघांच्या मिळून २७. सर्व बंद ही एक सोडली तर २६. सुलट-उलट सगळेंच एकदम पालटलें तर कानाला फरक कळत नाहीं, म्हणून त्यांच्या निम्मे, १३. ज्या काळांत स्ट्रॅटोकास्टर तीन आवाज देत होती, त्या काळांत घरच्या खोलींत घडलेल्या या गिटारमध्यें तेरा आवाज होते. मे यांनीं पुढें क्वीन या मंडळींत तीच गिटार वाजविली. या मंडळीचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचें शिक्षण आपल्या पांचगणींत सेंट पीटर्स शाळेंत झालें, ही गोष्ट सातारकरांना ठाऊक आहेच.

तेराही आवाज सारखेच उपयोगाचे नसतात, हें उघड आहे. हौशी मंडळी गिटारवर सहा-सहा स्विच बसवितात आणि दोनच वापरतात, असें माझें निरीक्षण आहे. शिवाय पत्र्याला किंवा लांकडाला एकदां भोंक पाडलें कीं तें परत घेतां येत नाहीं. १९५० ते १९६० च्या दरम्यानच्या ज्या गिटारी तेव्हां निःशंकपणें उघडल्या गेल्या, त्यांच्यांतील मूळचे झाळलेले सांधे अभंग असतील तर आज संग्राहक त्यासाठीं भारी रक्कम मोजतात. म्हणूनच वर ओढली असतां स्विचचें काम करणारी घुंडी निघाली. तीमुळें जोडणी बदलते, पण बाहेरून गिटार जशीच्या तशी राहते. ज्यांच्या घरीं गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीं तिच्यांत फेरफार करूं द्यावाच, असें माझें मत आहे. फक्त मूळच्या जोडणीचा नकाशा आधीं कागदावर काढून ठेवावयास लावावें.

संग्राहकांच्या हिशेबाला सणसणीत अपवाद मात्र एक आहे. पिंक फ्लॉइड मंडळीचे डेव्हिड गिलमोर यांनीं १९७० सालीं न्यूयॉर्कमध्यें एक काळी स्ट्रॅटोकास्टर विकत घेतली. तिच्या दांड्या बदलल्या, पिकअप बदलले, लांकडाला भोंक पाडून तें पुन्हां बुजविलें. आणि नेहमींच्या स्विचनें न मिळणारी दांडीकडच्या व घोडीकडच्या पिकअपची जोडी मिळावी म्हणून तिच्यावर एक छोटा स्विच जादा बसविला. २० जून २०१९ रोजीं न्यूयॉर्क येथील क्रिस्टीजच्या लिलांवांत या गिटारला ३९ लक्ष ७५ हजार डॉलर्स आले. लिलांवांतील गिटारच्या किंमतीचा तो त्या दिवसापर्यंतचा उच्चांक होता.