ट्रॅक्टरचे दावे

आपल्याकडे दिवस मावळला की बैल गोठ्यात येतात आणि दाव्याला बांधले जातात. उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात हिवाळ्याच्या रात्री ट्रॅक्टरलाही असेच दावे लावतात, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. पण हे दावे तागाचे नव्हे, विजेच्या वायरीचे. ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीतून हात-दीड हात वायर बाहेर आलेली असते. तिच्या टोकाची पिन शेडमधल्या सॉकेटात बसवायची, की इंजिनातला लहानसा हीटर सुरू होतो आणि पहाटे इंजिन चटकन चालू होते. या वायरीचीच हकिकत आज पाहू या.

नॉर्थ डाकोटा हे अमेरिकेचे उत्तरेकडचे गव्हाचे राज्य. १९३६ सालच्या फेब्रुवारीत तेथील पार्शल गावी पारा शून्याखाली ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. एवढी थंडी नेहमीची नसली, तरी शून्याखाली वीस-पंचवीस अंश ही तिथे अपूर्वाईची गोष्ट नव्हे. अशा वेळी इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणजे जोर जास्त लागतो, नेमके तेव्हाच तिचे बळ कमी पडते. डिझेल इंजिनाची अडचण तर आणखी मोठी. त्यात ठिणगी नसते. हवा दाबल्याने जी उष्णता निर्माण होते, तिनेच डिझेल पेटते. भोवतालचे लोखंडच गारठलेले असेल, तर ते ही उष्णता शोषून घेते आणि इंजिन नुसते गुरगुरत राहते.

आपण म्हणाल, हिवाळ्यात शेत बर्फाखाली असते, मग ट्रॅक्टर हवा कशाला? तर गुरांना वैरण पोचवायला, आणि वाटेवरचे बर्फ बाजूला सारायला. गुरांची भूक काही थंडीसाठी थांबत नाही! म्हणून जुने शेतकरी रात्री रेडिएटरमधले पाणी काढून ठेवीत आणि सकाळी चुलीवर तापवून पुन्हा ओतीत. कोणी इंजिनाखाली निखारे ठेवी. गवताच्या गंजीशेजारी निखारे, म्हणजे जिवावरचाच खेळ.

वीज असती तर हा खेळ टळला असता. पण १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाकडे वीज होती. घरे दूरदूर, एका गिऱ्हाइकासाठी मैलभर तारा ओढणे खाजगी कंपन्यांना परवडेना. १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले आणि १९३६ साली त्याचा कायदा झाला. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापाव्यात, सरकारने त्यांना अल्प व्याजाने कर्ज द्यावे, अशी ती व्यवस्था. खांब उभे राहिले, तारा आल्या.

अशाच एका वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते अँड्र्यू फ्रीमन, नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्सचे. इंजिनाचे झाकण आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याच्या जागी पोकळ बोल्ट बसवायचा आणि त्या पोकळीत विजेची तापणारी तार घालायची, अशी युक्ती त्यांनी काढली. ८ नोव्हेंबर १९४९ रोजी तिला पेटंट मिळाले. पुढे हीटरचे नवे प्रकार निघाले. वायर मात्र राहिली.

आणि कमजोर बाजू तीच ठरली. हीटर लोखंडाच्या पोटात सुरक्षित, पण वायर उघड्यावर. ती लोंबत राहिली तर पंख्यात अडकते, धुराच्या तापल्या नळीला टेकली तर वितळते. साधे प्लास्टिकचे वेष्टन कडक थंडीत ताठर होऊन तडकते. उंदीर कुरतडतात ते वेगळेच. पिनेत चिखल-पाणी गेले की गंज चढतो, जोड सैल पडतो, सैल जोड तापतो, आणि जवळच वाळली वैरण असते. निखारे गेले म्हणून आगीचे भय गेले असे नव्हे. घाईत पिन न काढताच ट्रॅक्टर हाकला, तर वायर तुटते ती तुटतेच.

म्हणून जाणता शेतकरी काय करतो? वायर पंख्यापासून व धुराच्या नळीपासून दूर नेऊन पट्ट्यांनी बांधतो. पिनेवर टोपण घालतो आणि काम नसताना ती जाळीवरच्या चिमट्यात अडकवतो. थंडीत नरम राहणारी, अर्थिंगची तीन पिनांची वायर वापरतो. लांब वायर गुंडाळलेली असताना तिच्यातून वीज नेत नाही, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते. हिवाळा संपला की सुटी होणारी वायर काढून, पुसून, सैल वेटोळे करून कोरड्या जागी खुंटीला टांगतो.

या हकिकतीशी आपलेही नाते आहे. वीज सहकाराचा हाच अमेरिकन अनुभव जमेस धरून १९६९ च्या सुमारास आपल्या देशात काही वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांतली मुळा-प्रवरा ही श्रीरामपूर-राहुरीकडची. २०११ पर्यंत तिने त्या भागाला वीज पुरवली. आपल्याला इंजिन तापवावे लागत नाही, पण विहिरीवरच्या मोटारीची वायर तर आहे ना? ती बांधावरून चिखलात लोळत असते, तिला उघडे जोड असतात, आणि पावसाळ्यात त्या जोडांवर कोणाचा तरी पाय पडतो.

शिक्षकमित्रांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. खांबापर्यंत वीज आणायला हजारो माणसांना एकत्र यावे लागते. खांबापासून यंत्रापर्यंतची शेवटची चार हात वायर मात्र ज्याची त्यानेच सांभाळायची असते. आपले आजोबा साधे दावेसुद्धा भिजू देत नसत, कुजू देत नसत. रोज जागच्या जागी टांगीत. विजेच्या दाव्याला तेवढी तरी माया नको का?