डेल्सफर्ड हाउस

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या कुशीत असलेला जमीनदारी वाडा. बंगालचा पहिला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज (१७३२–१८१८) याने तो बांधवला.

डेल्सफर्डची जहागीर मध्ययुगापासून हेस्टिंग्ज घराण्याकडे होती. घराण्याला उतरती कळा लागली आणि १७१५ मध्ये ती ब्रिस्टलच्या नाइट नावाच्या व्यापाऱ्याला विकावी लागली. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्या पडल्या आपण ही जमीन परत मिळवण्याचा निश्चय केला होता, असे हेस्टिंग्ज उतारवयात सांगे. सालबाईच्या तहाने (१७८२) मराठ्यांशी चाललेले युद्ध मिटवून तो १७८५ मध्ये मायदेशी परतला आणि १७८८ मध्ये ही जहागीर विकत घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरील महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. इकडे हिंदुस्थानातील कारभाराचा जाब द्यायचा आणि तिकडे हिंदुस्थानातल्याच पैशावर वाडा उभारायचा, असे दोन्ही बरोबरच चालले. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला, पण खटल्याच्या खर्चाने पुरता खंगला होता. ईस्ट इंडिया कंपनीने दिलेले वार्षिक ४,००० पौंडांचे निवृत्तिवेतन आणि ५०,००० पौंडांचे बिनव्याजी कर्ज यांमुळेच डेल्सफर्ड त्याच्या हाती राहिले.

वास्तुकार सॅम्युअल पीप्स कॉकरेल याने कॉट्सवोल्डच्या मधाळ रंगाच्या दगडात १७९३ पर्यंत वाडा पुरा केला. शैली अभिजात युरोपीय आहे. दर्शनी भागावरील घुमटात तेवढा हिंदुस्थान डोकावतो. आत मात्र तो उघडच होता: शिल्पकार टॉमस बँक्सने घडवलेल्या शेकोटीच्या चौकटीवर हिंदी आकृती, भिंतींवर विल्यम हॉजेसने चितारलेली हिंदुस्थानातील दृश्ये, दालनांत मुर्शिदाबादच्या मुन्नी बेगमेने भेट दिलेले हस्तिदंती फर्निचर. या वाड्याचे खरे मोल त्याच्या स्थापत्यापेक्षा या ऐवजात होते.

हेस्टिंग्जनंतर वाडा त्याची पत्नी मॅरियन हिच्याकडे (मृत्यू १८३७) आणि पुढे तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा सर चार्ल्स इमहॉफ याच्याकडे गेला. १८५३ मध्ये तो सामानासह विकला गेला. नवा मालक हार्मन ग्राइझवुड याने गावचे चर्च पुन्हा बांधवले. विसाव्या शतकात वृत्तपत्रसम्राट लॉर्ड रॉदरमियर (१९४६) आणि कलासंग्राहक बॅरन टिसेन हे मालक झाले. १९८८ पासून वाडा जेसीबी यंत्रांच्या बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे.

हेस्टिंग्जची समाधी गावच्या त्याच चर्चच्या आवारात आहे.