तुणतुण्याकडून डफाकडे

ताप्ती व्हॅली रेल्वेने 1900 साली सुरत अमळनेरशी जोडली, आणि पुढे यंत्रमागांच्या ओढीने जी खानदेशी कुटुंबे सुरतेच्या लिंबायत, गोडादरा या भागांत स्थायिक झाली, त्यांच्याबरोबर श्रावणात पुजली जाणारी कानबाई देवीही आपल्या गाण्यांसह आली. सरकारी दप्तरात गाठोड्यांची नोंद होते, गाण्याची आणि त्याला साथ करणाऱ्या वाद्यांची सहसा नाही.

अशी दोन वाद्ये म्हणजे डफ व तुणतुणे. मराठी शाहिरी परंपरेत डफ बहुधा शाहिराच्या हाती व तुणतुणे मागे सुरांची साथ करणाऱ्या झीलकऱ्याच्या. पोकळ लाकडी नळा, बुडाला चामडे, एकच तार, एवढाच त्याचा संभार. तरीही आधारस्वर आणि लय ही दोन्ही कार्ये ते एकाच आघातात पार पाडीत असल्यामुळे, त्याचा वादक डफाकडे वळला, तर लय त्याच्या अंगात आधीच मुरलेली असते, आणि शिकायची उरते ती थाप. माझ्या मते शाहिराहून पक्का तालज्ञ तोच.