क्लॅरिनेटसाठी नवे बॅरल निवडताना

क्लॅरिनेटचे माउथपीस आणि वरची मुख्य नळी यांच्यामध्ये बसणारा आखूड, किंचित फुगीर भाग म्हणजे बॅरल. पिंपासारख्या आकारावरून त्याला हे नाव पडले. जर्मन भाषेत त्यालाच ‘बिर्ने’, म्हणजे नाशपाती, असे म्हणतात. या भागाला छिद्र नाही आणि चावीही नाही. तरीही संपूर्ण वाद्याचा सूर जुळवण्याचे काम प्रामुख्याने येथेच होते. गोव्यातील चर्चच्या फेस्तात वाजणारा बॅण्ड असो वा लग्नाच्या मिरवणुकीतील पथक, क्लॅरिनेटवादकाला इतरांच्या सुराशी जुळवून घ्यावेच लागते. साथीला हार्मोनियम असेल तर तिचा सूर ऐनवेळी हलवता येत नाही. हलायचे ते क्लॅरिनेटनेच. त्यामुळे बॅरल तडकले, हरवले किंवा अपुरे वाटू लागले, तर नव्याची निवड घाईने करणे परवडत नाही.

दोष बॅरलचाच आहे का?

खरेदीपूर्वी हे तपासणे अगत्याचे आहे. वाद्य दहा-पंधरा मिनिटे वाजवून पुरते तापू द्यावे, कारण थंड वाद्याचा सूर उतरलेला असतो. जुनी किंवा मऊ पडलेली रीड बदलून पाहावी. त्यानंतर ट्यूनरवर ए = ४४० हर्ट्‌झ ठेवून सर्व स्वर क्रमाने वाजवावेत आणि प्रत्येक स्वर किती चढा वा उतरलेला आहे, याची नोंद करावी.

बॅरल पूर्ण आत बसवूनही सगळेच स्वर उतरलेले असतील, तर अधिक आखूड बॅरल लागेल. दर वेळी ते दीड-दोन मिलिमीटर बाहेर ओढावे लागत असेल, तर अधिक लांब बॅरल हवे. मात्र एखाददुसराच स्वर बिघडला असेल, तर दोष बहुधा पॅडमध्ये, चावीच्या उंचीत किंवा छिद्रात साचलेल्या मळात असतो. तो दुरुस्ती कारागिराकडूनच दूर होईल.

लांबी: पहिला निकष

बी-फ्लॅट क्लॅरिनेटची बॅरले साधारणतः ६२ ते ६८ मिलिमीटर लांबीची मिळतात. ६५ आणि ६६ मिलिमीटरची अधिक प्रचलित आहेत. बॅरल जितके लांब, तितका सूर खाली. जितके आखूड, तितका वर. परंतु हा बदल सर्व स्वरांवर सारखा होत नाही, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

सर्व छिद्रे मोकळी ठेवून वाजणाऱ्या ‘जी’ स्वराच्या वेळी कंप पावणारा हवेचा स्तंभ सुमारे २५ सेंटिमीटर असतो. सर्वांत खालच्या ‘ई’ स्वराच्या वेळी तो सुमारे ५८ सेंटिमीटर भरतो. एक मिलिमीटरची भर आखूड स्तंभाला अधिक जाणवते. ढोबळ हिशेबाने त्या एका मिलिमीटरने मोकळा ‘जी’ सुमारे ७ सेंट उतरतो, तर खालचा ‘ई’ केवळ ३ सेंट. अर्धस्वराचे शंभर भाग केले असता त्यातील एका भागाला सेंट म्हणतात.

याचा अर्थ असा की, बॅरल दोन मिलिमीटर लांब घेतले तर हे दोन स्वर एकमेकांपासून सुमारे ८ सेंट दूर जातात. म्हणून सूर फार चढा असल्यास सगळी भरपाई बॅरलवर टाकू नये. काही अंतर वाद्याच्या मधल्या जोडात ओढून घ्यावे आणि उरलेल्या गरजेपुरतेच लांब बॅरल निवडावे. बॅरल ओढल्याने आत जी खाच पडते, तीही वरच्या आखूड स्वरांना त्रास देते. योग्य लांबीचे बॅरल घेतल्यास ही खाच टळते.

अंतर्व्यास: वाद्याशी जुळणी

लांबीनंतर पाहायचा तो नळीचा अंतर्व्यास. बुफे कंपनीच्या आर-१३ या प्रसिद्ध वाद्याचा अंतर्व्यास सुमारे १४.६ मिलिमीटर आहे, तर बूझी अँड हॉक्सच्या १०१० या जुन्या ब्रिटिश वाद्याचा सुमारे १५.२ मिलिमीटर. एकाचे बॅरल दुसऱ्यावर बसवल्यास लांबी अचूक असूनही स्वरांची आपसातील जुळणी बिघडू शकते.

काही बॅरले आतून सरळ असतात, तर काही वरून रुंद आणि खाली निमुळती. फिलाडेल्फियाचे वाद्यकारागीर हान्स मोएनिग यांच्या नावाने ओळखले जाणारे बॅरल दुसऱ्या प्रकारातले आहे. खालच्या सप्तकातील स्वर आणि त्याच बोटांनी वर वाजणारा स्वर यांमधील अंतर सुधारण्यासाठी हा आकार वापरतात. वाद्याचे मूळ बॅरल चांगले असेल, तर त्याची लांबी आणि दोन्ही टोकांचे अंतर्व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून तेच माप विक्रेत्याला द्यावे.

जोड आणि साहित्य

बॅरलच्या दोन्ही टोकांचे खोबणे वाद्याच्या कॉर्क लावलेल्या टोकांवर घट्ट, पण जोर न लावता बसले पाहिजेत. बॅरल डुलत असेल तर हवा निसटते. फार आवळ असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगून जोड अडकतो.

दर्जेदार बॅरले बहुधा आफ्रिकी ब्लॅकवूडची असतात. हे झाड आपल्याकडील शिसवाच्याच वंशातील आहे. लाकडाच्या जातीमुळे नाद पालटतो, असे अनेक वादक मानतात. परंतु लांबी आणि अंतर्व्यासाचा परिणाम त्याहून निश्चित असतो. उघड्यावर, उन्हापावसात वाजवणाऱ्यांना एबोनाइट किंवा प्लॅस्टिकचे बॅरल अधिक सोयीचे ठरते, कारण ते हवेतील दमटपणाने फुगत वा तडकत नाही.

विकत घेण्यापूर्वी

शक्य असल्यास दोन-तीन बॅरले स्वतःच्याच वाद्यावर, नेहमीच्या माउथपीस आणि रीडसह वाजवून पाहावीत. मोकळा ‘जी’, खालचा ‘ई’, त्याच बोटांनी वर वाजणारा ‘बी’ आणि मधला ‘सी’ हे स्वर मंद व मोठ्या आवाजात तपासावेत. आधीची नोंद समोर ठेवून ट्यूनर दुसऱ्या व्यक्तीने पाहावा. काटा दिसत असला की वादक नकळत ओठांनी सूर सावरतो. पहिल्या क्षणी भारदस्त वाटणाऱ्या नादापेक्षा सर्व स्वर कमी सायासात जुळतात का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

लाकडी बॅरल नवे असताना पहिले काही दिवस रोज पंधरा-वीस मिनिटेच वाजवावे, नंतर वेळ हळूहळू वाढवावा. श्वासातील ओलावा सर्वप्रथम याच भागात साचतो. म्हणून प्रत्येक वादनानंतर वाद्य सुटे करून बॅरल आतून, तसेच दोन्ही खोबणी, कोरड्या कापडाने पुसून ठेवावीत. जुने बॅरल तडकलेले नसेल तर टाकून देऊ नये. हवामान किंवा साथीचे वाद्य बदलल्यास वेगळ्या लांबीचे बॅरल हाताशी असणे उपयोगी पडते.