सॉफ्टवेअर एजंटांच्या संघाची रचना

परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घेणाऱ्या संगणक प्रणालीस सॉफ्टवेअर एजंट असे म्हणतात. असे अनेक एजंट एकाच कामावर नेमले की कोणत्याही कचेरीत उद्भवणारा प्रश्न येथेही उद्भवतो: आज्ञा कोणाची आणि वर्दी कोणी कोणास द्यावयाची?

सर्वांत परिचित रचना उतरंडीची. वरिष्ठ एजंट कामे वाटतो, कनिष्ठ आपले निष्कर्ष वर पाठवितात. संदेश थोडे लागतात. मात्र वरचा एजंट निकामी झाला की खालचे सारे खोळंबतात. रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये मांडलेली 'कॉन्ट्रॅक्ट नेट' पद्धत निविदेसारखी आहे. काम जाहीर होते, एजंट बोली लावतात आणि योग्य बोलीस काम मिळते. कोण मोकळा आहे हे आधी ठाऊक नसेल तेथे ती सोयीची, परंतु किरकोळ कामांत बोलीचाच व्याप मोठा होतो.

पिलानीच्या बिट्स संस्थेत शिकलेले मिलिंद तांबे यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना 1997 मध्ये मांडलेली 'स्टीम' ही प्रणाली वेगळ्या अनुभवातून घडली. आभासी युद्धसरावात हेलिकॉप्टरांचे वैमानिक म्हणून एजंट नेमले होते. एकदा टेहळणीस गेलेले हेलिकॉप्टर पडले आणि उर्वरित तुकडी त्याच्या संदेशाची वाट पाहत राहिली. दुसऱ्या वेळी प्रमुख एकटाच तळावर परतला. सहकारी हवेत तरंगतच राहिले. प्रत्येकास स्वतःचे काम येत होते, पण आपण एका संघात आहोत हे कोणासच ठाऊक नव्हते!

त्यावर तांबे यांनी संयुक्त बांधिलकीचा उपाय योजला. उद्दिष्ट साध्य झाले किंवा अशक्य ठरले असे एका सदस्यास उमगल्यास त्याने संघास कळविल्याशिवाय काम सोडावयाचे नाही. टेहळ्या गमावला तर समर्थ सहकाऱ्याने त्याची भूमिका घ्यावयाची. मात्र प्रत्येक गोष्ट कळवीत बसणे महाग आणि युद्धात धोक्याचेही असते. म्हणून संदेशाचा खर्च आणि मौनामुळे होणारी संभाव्य हानी यांची तुलना करूनच एजंट बोलतो.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे ब्रायन हॉर्लिंग व व्हिक्टर लेसर यांनी अशा रचनांचे विस्तृत सर्वेक्षण केले. सर्वत्र चालेल अशी एकही रचना नाही, असे त्यात आढळले. भाषा-प्रतिमानांवर आधारित आजच्या एजंटांतही एक मुख्य एजंट दुय्यम एजंटांस कामे वाटून देतो, अशी उतरंड अनेकदा दिसते. उतरंड 'स्टीम'मध्येही होती: तुकडी, उपतुकडी आणि वैमानिक. फरक इतकाच, की तेथे कळविण्याचे बंधन प्रमुखावरही तितकेच होते.