तळटीप : किरीट आणि क्ष-किरण

१. किरीट : खग्रास ग्रहणात काळ्या चंद्रबिंबाभोवती उमटणारी मोतिया प्रभा, म्हणजेच कॉरोना. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून सातारा जिल्ह्यातील कराडच्या परिसरातून सोलापूरकडील जेऊरला गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर यांनी, तर जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी वेध घेतले. किरीटाच्या वर्णपटातली हिरवी रेषा तेव्हा ‘कोरोनियम’ या अज्ञात मूलद्रव्याची समजत. १९४० च्या सुमारास बेंग्ट एडलेन यांनी ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची असल्याचे दाखवले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा-वीस लाख अंश तापमान लागते, आणि इतका तप्त वायू मुख्यतः क्ष-किरणांतच उजळतो. सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीकडूनही क्ष-किरण येतात. ते ताऱ्याच्या पृष्ठभागातूनच येत असतील, अशी शंका कोणी घेईल. पण साडेपाच हजार अंशांच्या आसपासचा पृष्ठभाग ते देऊच शकत नाही; ते त्याच्या किरीटातूनच येतात. मग सूर्यासारख्याच ताऱ्यांत हे किरण इतके कमी-जास्त का? कारण वय. तरुण तारा वेगाने फिरतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते आणि त्याचे क्ष-किरण आजच्या सूर्याच्या शेकडो पट असू शकतात. वय वाढते तसा फिरण्याचा वेग मंदावतो आणि किरीटही मंदावतो. म्हणून या ग्रंथात ‘किरीट’ हा शब्द केवळ ग्रहणातल्या दृश्यापुरता न घेता सूर्यासारख्या प्रत्येक ताऱ्याच्या तप्त, चुंबकीय वातावरणासाठी वाचावा. — संपादक